जास्वंद गारठते तेव्हा

'बागेचे प्रश्न' या सदराच्या टपालात या वेळी जास्वंदच जास्वंद आहे. निफाडपासून न्यू जर्सीपर्यंत एकच तक्रार: थंडी आली की झाड बिनसतं, तर थंडी सोसणारी जात सांगा. 'जास्वंद' या एका नावाखाली आपण चार-पाच वेगळी झाडं ओळखतो आणि त्यांची थंडी सोसण्याची ताकद एकमेकांपासून फार लांब आहे. म्हणून उत्तरांत आधी झाड कोणतं ते पाहिलं आहे, फुलाचा रंग नंतर.

प्रश्न : घराभोवती तीन वर्षांत सहा जास्वंदी लावल्या. चार नर्सरीतल्या, मोठ्या फुलांच्या, पिवळ्या आणि केशरी. दोन लाल एकेरी, शेजारून फांदी आणून लावलेल्या. डिसेंबर लागला की मोठ्या फुलांच्या झाडांची पानं पिवळी पडतात, दुपारी माना टाकतात. पाणी वाढवलं तरी गेल्या हिवाळ्यात दोन मेली. तिसरं मेलंच असं धरून चाललो होतो, ते उन्हाळ्यात बुडातून फुटलं, पण पिवळ्या झाडाला आता लाल फुलं येतात! लाल एकेरींना मात्र काहीच होत नाही. हे काय गौडबंगाल आहे? – एक वाचक, निफाड

उत्तर : 'पाणी वाढवलं तरी मेली' असं तुम्ही लिहिलंय. ते 'पाणी वाढवलं म्हणून मेली' असं वाचा, गौडबंगाल तिथेच सुटतं.

निफाडला पहाटे पारा पाच-सहा अंशांवर, कधी त्याच्याही खाली जातो आणि दुपारी पुन्हा सत्तावीस-अठ्ठावीसवर चढतो. आपली नेहमीची जास्वंद उष्ण हवेतली. दहा अंशांच्या खाली तिची वाढ थांबते, शून्याच्या आसपास कोवळे शेंडे काळे पडतात. पण निफाडच्या थंडीत शेंड्यांपेक्षा मुळांचे हाल जास्त. जमीन गार पडली की मुळं सुस्तावतात, पाणी ओढत नाहीत. वर दुपारचं ऊन मात्र पानांतून पाणी उडवत राहतं. पानं माना टाकतात ती मातीत पाणी नसल्यामुळे नाही, मुळांना ते उचलता येत नाही म्हणून. आपण ते बघून आणखी बादलीभर ओततो. काळ्या जमिनीत ते आठ-आठ दिवस मुरत बसतं आणि मुळं कुजतात. मेलेलं झाड उपटून बारीक मूळ चिमटीत धरून ओढा. वरची साल सुटून हातात आली आणि आत दोऱ्यासारखी शीर उरली, तर ती मूळकूजच.

आता जातींचं. नर्सरीत 'हायब्रीड', 'हवाईयन', 'ऑस्ट्रेलियन' अशा नावांनी मिळणाऱ्या, तळहातापेक्षा मोठ्या फुलांच्या जाती रंग आणि आकार यांसाठी निवडत आणलेल्या आहेत. त्यात मुळांचा जोम मागे पडला. ढोबळ क्रम सांगायचा तर थंडी सोसण्यात गावठी लाल एकेरी सर्वांत पुढे. तिच्या पाठोपाठ गुलाबी एकेरी आणि जुनी लाल दुहेरी. त्यानंतर लहान फुलांची पांढरी आणि फिकट पिवळी. मोठ्या पाकळ्यांच्या केशरी, तपकिरी, जांभळट, दोन-तीन रंगी जाती सर्वांत शेवटी. झुंबरासारखी लोंबणारी, कातरलेल्या पाकळ्यांची जास्वंद मूळची पूर्व आफ्रिकेची. दिसायला काटक, पण निफाडच्या उघड्या अंगणात तिची शिफारस करणार नाही.

पिवळ्याला लाल फुलं आली, कारण ते झाड कलमाचं होतं. वरची पिवळी जात थंडीने गेली, खालचा खुंट लाल जातीचा होता, तो जगला आणि फुटला. पिवळी आता परत येणार नाही. पण बघा, कोणाची मुळं निफाडची थंडी काढतात हे त्या झाडानेच सांगून टाकलं! मोठ्या फुलांची जास्वंद हवीच असेल तर गावठी लाल किंवा गुलाबी खुंटावरचं कलमच घ्या, स्वतःच्या मुळांवरचं रोप नको. पिशवीतल्या रोपाच्या खोडावर जमिनीपासून वितीच्या आत सांधा दिसतो: तिरपी खूण, खाली-वर सालीचा पोत वेगळा. लावताना हा सांधा मातीच्या वर राहू द्या आणि त्याच्या खालून येणारा प्रत्येक फुटवा बोटाएवढा असतानाच मोडा.

कलम घरीही जमतं. जून-जुलैत गावठी लालची पेन्सिलीएवढ्या जाडीची, पंधरा सेंटिमीटर लांबीची फांदी घ्या, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा आणि वाळू-मातीत खोचा. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. पुढच्या पावसाळ्यात त्यावर हव्या त्या जातीच्या फांदीचं पाचर कलम करायचं (फांदीचं टोक पाचरीसारखं तासून खुंटाच्या चिरेत बसवायचं), सांधा पट्टीने घट्ट बांधायचा आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी घालून तीन-चार आठवडे सावलीत ठेवायचं.

लागवड ऑक्टोबरात करू नका, जूनमध्ये करा. थंडीपर्यंत मुळांना चार-पाच महिने मिळायला हवेत. दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. काळी माती, मुरूम आणि कुजलेलं शेणखत सारख्या भागांत, वर दोन मुठी निंबोळी पेंड. खड्डा भरून झाला की माती जमिनीपेक्षा वीतभर उंच राहिली पाहिजे. झाड त्या उंचवट्यावर बसवा, म्हणजे पाणी बुडाशी थांबत नाही. जागा घराच्या दक्षिण किंवा पश्चिम भिंतीलगतची. उत्तरेचा गार वारा अडतो आणि दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडत राहते. परसातला खोलगट कोपरा टाळा, गार हवा जड असते आणि पाण्यासारखी तिथे साचते.

ऑक्टोबरपासून युरिया, शेणाची स्लरी, छाटणी सगळं बंद. थंडीच्या तोंडावर फुटलेली कोवळी पालवी आधी मरते. सप्टेंबरअखेरीस झाडाला सल्फेट ऑफ पोटॅश पंधरा-वीस ग्रॅम द्या. राख घालू नका, तुमच्या चुनखडीच्या जमिनीत ती लोह आणखी अडवते. जमिनीतल्या झाडाला डिसेंबर-जानेवारीत आठवड्यातून एकदा, सकाळी ऊन आल्यावर पाणी पुरे. द्राक्षबागांत गारठ्याच्या रात्री पहाटे विहिरीचं पाणी सोडतात ते बघून बरेच जण जास्वंदीलाही रोज पहाटे पाणी घालतात. तो उपाय एखाददुसऱ्या कडाक्याच्या रात्रीपुरता. ओली माती ऊब धरते आणि विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, इतकंच त्यामागचं तत्त्व. महिनाभर रोज तसं केलंत तर पुन्हा मूळकुजीला आमंत्रण.

प्रश्न : गणेशोत्सवात आमची लाल जास्वंद भरभरून फुलते. माघी गणेश जयंतीला मात्र एक फूल मिळत नाही. कळ्या दिसतात, पण उमलत नाहीत किंवा गळून पडतात. – एक वाचक, नाशिक

उत्तर : उन्हाळ्यात महिनाभरात उमलणारी कळी जानेवारीत सहज दीड महिना घेते. तेवढ्या दिवसांत एकदा जरी मुळाशी माती खडखडीत वाळली, एखादी रात्र फार गार गेली किंवा कळीत फुलकिडे शिरले, की देठ सुटतो. गळलेली कळी नखाने उभी फोडून पाहा. आत बारीक पिवळट-तपकिरी किडे पळताना दिसले तर निंबोळी तेल लिटरला पाच मिली, थोडं साबणपाणी मिसळून, आठ दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा. फवारणी सकाळी नऊनंतर. संध्याकाळी पानं ओली ठेवू नका. आत काही नसेल तर कारण थंडी किंवा पाण्यातली अनियमितता.

माघातली फुलं हवी असतील तर गणपती गेल्यावर लगेच, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, शेंडे फक्त चार बोटं खुडा. नवे फुटवे थंडीआधी निबर होतात आणि कळ्या त्यांच्यावर येतात. उशीर झाला तर यंदा खुडूच नका. झाड कुंडीत असेल तर डिसेंबरात ते दक्षिणेच्या भिंतीला सरकवा.

गारठ्याच्या सकाळी फूल दहा-अकरापर्यंत उमलत नाही आणि पूजा त्याआधी आटोपते. त्यामुळे 'फूलच नाही' असं वाटतं. आदल्या संध्याकाळी टपोऱ्या, टोकाला रंग सुटलेल्या कळ्या देठासकट काढा, ओलसर कापडात गुंडाळून डब्यात घालून घरात ठेवा. घरातल्या उबेत सकाळपर्यंत उमलतात.

मिरची जास्वंदही लावून ठेवा. ती खरी जास्वंद नाही, त्याच कुळातली चुलत बहीण. तिचं मिटलेलं लाल फूल ऐन थंडीत येतं आणि कडाक्याने वरचा भाग गेला तरी बुडातून फुटते. देवाला चालते की नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

प्रश्न : 'रोज ऑफ शॅरॉन' नावाची जास्वंद बर्फातही जगते असं वाचून रोप मागवलं. पाचगणीत येईल ना? – एक वाचक, पाचगणी

उत्तर : जगेल. फुलेल की नाही, हा प्रश्न पावसाचा आहे.

हे झाड, शास्त्रीय नाव हिबिस्कस सिरियाकस, पानझडी आहे. हिवाळ्यात सगळी पानं गाळून झोपतं आणि वीस-पंचवीस अंश उणे तापमानही काढतं. दक्षिण कोरियाचं राष्ट्रीय फूल हेच. पाचगणीची थंडी त्याच्या खिजगणतीत नाही. पण ते जून ते सप्टेंबर फुलतं, म्हणजे नेमकं तुमच्या मुसळधार पावसात. कळ्या भिजून तपकिरी होतात आणि न उमलता सडतात. महाबळेश्वरात तर ते लावूच नये. पाचगणीत लावायचंच असेल तर उताराच्या जागी, तांबड्या मातीत, पावसाचं पाणी वाहून जाईल असं. घराच्या पागोळीच्या आतल्या बाजूला, पण दिवसाचं पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा सापडली तर उत्तम. दुहेरी फुलांपेक्षा एकेरी घ्या, दुहेरी फूल बोळ्यासारखं पाणी धरून ठेवतं. जानेवारीत ते काटकीसारखं दिसेल, मेलं म्हणून उपटू नका. नखाने साल खरवडा. खाली हिरवं असेल तर ते झोपलेलं आहे.

तुमच्या हवेला आमची पहिली पसंती दुसरीच आहे: सकाळी पांढरं, दुपारी गुलाबी आणि संध्याकाळी गडद होणारं फूल, स्थलपद्म. ते पावसाळा सरता सरता, सप्टेंबर ते नोव्हेंबर फुलतं. गार दिवशी रंग सावकाश बदलतो, कधी फूल दिवसभर पांढरंच राहतं. त्यात रोग काही नाही. फुलं संपल्यावर फेब्रुवारीत गुडघ्याएवढं छाटा, नाहीतर तीन वर्षांत छपराला लागतं.

प्रश्न : न्यू जर्सीत घर घेतलं. भारतीय दुकानातून कुंडीत आणलेली लाल जास्वंद हिवाळ्यात घरात घेतो, तर पानं झडून सापळा होतो. अंगणात जमिनीत लावता येईल अशी लाल जास्वंद आहे का? गणपतीत घरचं फूल वाहायचं आहे. – एक वाचक, एडिसन

उत्तर : आहे, आणि ती तुमच्या राज्यातलीच आहे. हिबिस्कस मॉशुटोस ही अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दलदलीतली रानजास्वंद. तिच्यापासून तयार केलेल्या बागेतल्या जाती 'हार्डी हिबिस्कस' या नावाने मिळतात. एडिसन अमेरिकी कृषी खात्याच्या थंडीच्या नकाशात सातव्या झोनमध्ये येतं (झोनचा आकडा जितका लहान, तितकी थंडी जास्त), या जाती पाचव्या झोनपर्यंत तग धरतात. लाल हवी तर 'लॉर्ड बाल्टिमोर' घ्या: चार-पाच फूट उंची, फूल वीस-पंचवीस सेंटिमीटर. छोट्या मूर्तीवर ठेवलंत तर बाप्पा छत्रीखाली बसल्यासारखे दिसतील, म्हणून जागा कमी असेल तर 'लूना रेड' बघा, ती कंबरेएवढीच राहते. आपल्या लाल एकेरीची आठवण सर्वांत जास्त करून देते ती हिबिस्कस कॉक्सिनियस, दुकानातलं नाव 'टेक्सस स्टार'. सुट्या सुट्या पाच लालभडक पाकळ्या. ती सहाव्या झोनपर्यंत टिकते, सहा-सात फूट वाढते. तिची पानं हुबेहूब भांगेसारखी दिसतात, तेव्हा कुंपणापलीकडून चौकशी आली तर दचकू नका. तिन्ही जुलै-ऑगस्टपासून सप्टेंबरपर्यंत फुलतात, म्हणजे गणपती नेमका सापडतो. फूल एक दिवसाचं, सकाळीच काढा.

'रोज ऑफ शॅरॉन'ही तिथे उत्तम येते, पण तिच्यात खरा लाल रंग नाही. 'रेड हार्ट' म्हणून मिळते ती पांढरी, फक्त पोटात लाल. 'वुडब्रिज' गडद गुलाबी. शिवाय साध्या जातींचं बी पडून अंगणभर रोपं उगवतात. लावायचीच तर पांढरी 'डायना' लावा. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात डोनाल्ड एगॉल्फ यांनी ती तयार केली. तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असल्याने बी जवळजवळ धरत नाही, आणि फुलं रात्रीही मिटत नाहीत.

मॉशुटोस मे महिन्यात लावा, सहा तास ऊन आणि भरपूर पाणी. दलदलीतलं झाड आहे, उन्हाळ्यात माती कोरडी पडली की कळ्या टाकतं. पहिल्या कडक दहिवरानंतर वरचं सगळं वाळतं. देठ तसेच उभे ठेवा, जागा ओळखायला उपयोगी पडतात. जमीन गोठली की बुडाशी तीन-चार इंच वाळका पाला पसरा. मार्च-एप्रिलमध्ये देठ वितीएवढे ठेवून कापा आणि मग थांबा. शेजारचे गुलाब, हायड्रेंजिया सगळे हिरवे होतील, हिचा पत्ता नसेल. मेचा दुसरा-तिसरा आठवडा उजाडल्याशिवाय ती मातीतून डोकं काढत नाही. दरवर्षी कित्येक चांगली झाडं एप्रिलमध्ये कुदळीने मारली जातात.

जुलैत पानांची चाळणी झाली तर दोन संशयित. तांबूस पाठीचे चकचकीत भुंगे असतील तर ते जपानी भुंगे, १९१६ साली अमेरिकेत पहिल्यांदा सापडले तेही न्यू जर्सीतच. सकाळी गारठलेले असताना साबणपाण्याच्या भांड्यात झटका. पानामागे हिरव्या बारीक अळ्या असतील तर त्या बहुधा सॉफ्लायच्या. त्या फुलपाखराच्या अळ्या नव्हेत, म्हणून बीटीचं, म्हणजे फुलपाखरू-पतंगांच्या अळ्यांवरचं जिवाणूजन्य औषध त्यांच्यावर चालत नाही. हाताने वेचा किंवा कीटकनाशक साबण पानाच्या मागून फवारा.

कुंडीतलं झाड आत घ्यायला तुम्ही उशीर करत असावात. रात्रीचं तापमान दहा अंश सेल्सिअस, म्हणजे पन्नास फॅरनहाइटवर आलं की घ्या. तिकडे ही वेळ सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला येते. आधी आठवडाभर सावलीत ठेवा, पानं दोन्ही बाजूंनी पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, एक तृतीयांश छाटा. दक्षिणेच्या खिडकीत ठेवा, हीटरच्या झरोक्यासमोर कधीच नाही. प्रकाश कमी झाला की थोडी पानं झडणारच. ती झडताना पाणी वाढवू नका. दोन बोटं खोल माती कोरडी लागली की मगच घाला. बाहेर मेच्या मध्यानंतर न्या, तेही आठ-दहा दिवस सावलीत सरावून.

प्रश्न : डिसेंबरात थंडीची लाट आली म्हणून जास्वंदीवर रात्री प्लॅस्टिक गुंडाळलं. तरी पानं करपली. – एक वाचक, नागपूर

उत्तर : जिथे प्लॅस्टिक पानाला टेकलं तिथेच करपलं असेल, बघा. प्लॅस्टिक स्वतः गार पडतं, आतल्या बाजूने दव धरतं आणि टेकलेलं पान त्या गार पाण्यात भिजत राहतं. सकाळी ते काढायला उशीर झाला तर उन्हात आत भट्टी होते, तोही वेगळा चटका. जुनं सुती लुगडं, बारदान किंवा शेतीच्या दुकानात मिळणारं पांढरं क्रॉप कव्हर वापरा. झाडाभोवती तीन बांबू रोवून त्यांवर टाका, पानांना टेकू देऊ नका. कडा जमिनीपर्यंत येऊ द्या, ऊब जमिनीतून येते. नुसतं डोक्यावर टोपीसारखं बांधून उपयोग नाही. सूर्यास्ताला घाला, आठ-नऊला काढा. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तशा रात्रीसाठी ही तयारी. बारा-तेरा अंशांच्या नेहमीच्या थंडीत झाकण्याची गरज नाही.

करपलेल्या फांद्या आता कापू नका. वाळलेले शेंडे खालच्या डोळ्यांना, म्हणजे फुटवा येण्याच्या जागांना, आडोसा देतात आणि छाटलं की झाड जानेवारीतच फुटायला बघतं. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, रात्री पंधराच्या वर स्थिरावल्या की हिरव्या सालीपर्यंत छाटा.

प्रश्न : इथे 'ब्लू बर्ड' जातीची रोज ऑफ शॅरॉन चार वर्षांपूर्वी लावली. थंडीने काही होत नाही, पण फुलंही सप्टेंबरात चार-दोनच. – एक वाचक, रेडिंग, इंग्लंड

उत्तर : इंग्लंडच्या हिवाळ्याचा दोष नाही, उन्हाळ्याचा आहे. या झाडाला कळ्या पिकायला ऊब लागते. ते उघड्या हिरवळीच्या मधे असेल तर नोव्हेंबर किंवा मार्चमध्ये, पानं नसताना, मुळांचा मोठा गड्डा धरून दक्षिणमुखी भिंतीपुढे हलवा. फुलं त्याच वर्षीच्या फुटव्यावर येतात, म्हणून मार्चअखेरीस मागच्या वर्षीच्या फांद्या दोन-तीन डोळे राखून छाटा. उन्हाळ्यात छाटलंत तर त्या वर्षीच्या कळ्याच कापल्या जातील. वर सांगितलेली मॉशुटोस मात्र तुमच्याकडे मागवू नका. थंडी सोसेल, पण तिथल्या गार उन्हाळ्यात फुलण्याआधी शरद येतो.

प्रश्न : गच्चीवर मातीच्या कुंड्या थंडीत चांगल्या की प्लॅस्टिकच्या? – एक वाचक, पुणे

उत्तर : थंडीपुरत्या प्लॅस्टिकच्या किंवा काळ्या ग्रो बॅग. मातीची कुंडी माठासारखी झिरपते आणि मुळं आणखी गार करते. असलेल्या मातीच्या कुंड्या फेकू नका. एकमेकींना चिकटवून कठड्याच्या आडोशाला ठेवा, भोवती बारदान गुंडाळा. बारा इंची कुंडीला तीन-चार दिवसांनी लिटरभर पाणी, तेही बोट खुपसून बघून. कुंडीखालच्या ताटलीत साठलेलं पाणी त्याच दिवशी ओतून टाका.

प्रश्न : आमच्याकडे थंडीसाठी जास्वंदीला काय करावं? – एक वाचक, मडगाव

उत्तर : काही नाही. तुमच्याकडे जास्वंदीला गारठवेल इतकी थंडी पडतच नाही. जानेवारीत पानं पिवळी पडली तर मागे पिठ्या ढेकूण आहे का ते बघा.